फिजीनं कसं खेळावं

२३ सप्टेंबर २००७, रविवार

ऑस्ट्रेलिया ५५, फिजी १२. सामना संपल्यावर मी टीव्ही बंद केला आणि त्यावर कापड टाकलं. नानाजी म्हणाले, "उकंडाभाऊ, सांत्वनाले बसू का घरी जाऊ?"

या वहीत मी फक्त दुरुस्तीला आलेल्या टीव्हींचे दोष लिहीत असे. रग्बीचा वर्ल्डकप सुरू झाल्यापासून दोषांची जात बदलली आहे.

रग्बी मला कोणी शिकवली नाही. टीव्हीची दुरुस्ती तरी कोणी शिकवली? सातवी पास माणूस, इंग्रजी शब्दकोश आणि जुन्या बाजारातली सर्किटची पुस्तकं घेऊन बसलो आणि आज घाटंजीत माझ्यापेक्षा बारीक सोल्डरिंग करणारा दुसरा नाही. रंगीत टीव्हीचा रंग लावायचा तर समोर हिरवं मैदान असलेलं बरं. गवताचा हिरवा बरोबर बसला की माणसाच्या कातडीचा रंग आपोआप बरोबर येतो. १९९९ साली असाच एक संच लावत होतो, त्या दिवशी क्रिकेट नव्हतं, दुसऱ्या चॅनलवर मैदान दिसलं. रंग बसला, मालक टीव्ही न्यायला आला. त्याला मी चाळीस मिनिटं थांबवून ठेवलं. नंतर मुंबईच्या एका क्लबला पत्र टाकलं आणि नियमांचं पुस्तक मागवलं. पूर्ण पुस्तक मराठीत उतरवून काढलं आहे. दोनशे पानांचं रजिस्टर, दोन्ही बाजूंनी.

माझ्या दुकानात सामना बघायला दोन माणसं कायम येतात. नानाजी हे एसटीचे निवृत्त कंडक्टर. ज्याचे गुण जास्त त्याच्या बाजूनं असतात. दुसरा भीमसिंग राठोड, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या, म्हणजे जिनातल्या, हमालांचा मुकादम. रुईच्या गाठी हलवायचं त्याचं काम. चार किलोमीटरवरच्या तांड्यावरून येतो. आठ वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डर घेऊन आला तेव्हा पडद्यावर स्क्रम चालला होता, म्हणजे दोन्हीकडची आठ-आठ माणसं खाली वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात तो प्रकार. भीमसिंग बघत राहिला आणि म्हणाला, "हे तं आमचंच काम हाय." तेव्हापासून येतो. मी त्याला प्रेक्षक धरतो, जाणकार धरत नाही.

आज जाताना म्हणाला, "भाऊ, यंदा जिन उघडत नाही. मालकानं मशीन इकायले काढली. कापूस सारा गुजरातेत चालला, त्याच्या मांगं आमीबी जाऊ."

मी म्हणालो, "फिजीनं आज पळत्या माणसाला पाडायचे एकोणीस टॅकल सोडले, त्याबद्दल काही म्हणणं आहे?"

तो म्हणाला, "मोजले न तुमी, मंग झालं."

२६ सप्टेंबर, बुधवार

दुपारी भीमसिंग आला. सामना नव्हता, तरी आला. मी एका संचाचं मागचं झाकण उघडून बसलो होतो. तो स्टुलावर बसला, टोपी काढली, परत घातली.

दसऱ्याच्या आधी तो, त्याची बायको जमनी आणि पोरगी राखी, तिघंही गुजरातेत एका जिनावर जाणार. राखी इथल्या शाळेत दहावीला आहे. तांड्यावरून सायकलनं येते, नववीत वर्गात तिसरी होती. गुजरातेत गेली की शाळा संपली. भीमसिंगचं म्हणणं असं, की माझ्या पायलचं लग्न होऊन ती बाभुळगावला गेली, तिची खोली रिकामी आहे, मार्चपर्यंत राखीला आमच्याकडे ठेवून घ्यावं. तांड्यावर म्हातारी आजी आहे, पण तिला दिसत नाही. पोरीला तिच्या भरवशावर ठेवता येत नाही.

बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, उघड्या टीव्हीत बघत होता. मी म्हणालो, पाहू. शनिवारी फिजीचा वेल्सशी सामना आहे, तो होऊ दे.

इथं खरं लिहिलं पाहिजे. नाही म्हणायचं माझ्या मनात नाही. पण हे काम रीतीनं झालं पाहिजे. पोरगी घरात ठेवायची तर तिच्या आईनं येऊन सांगावं. जमनी आमच्या घरी एकदाच आली होती, २००३ च्या जुलैत, टेप न्यायला. पाऊस होता. माझ्या बायकोनं, विजयमालानं, आत बोलावलं. जमनी पायरीवर उभी राहिली. पाणी दिलं तर म्हणे तहान नाही. चार किलोमीटर चालून आलेल्या बाईला तहान नाही. मी तेव्हा वहीत तारीख लिहून ठेवली होती. आता त्याच घरात तिची पोरगी सहा महिने जेवणार असेल, तर तिनं उंबरा ओलांडून आत यावं आणि सांगावं. एवढंच.

रात्री विजयमालाला सांगितलं. ती म्हणाली, "हो म्हणा न मंग. पायलची खोली नुसती धूळ खाऊन राह्यली."

मी म्हणालो, प्रश्न खोलीचा नाही.

३० सप्टेंबर, रविवार

फिजी ३८, वेल्स ३४. काल दुकान बंद करायला उशीर झाला म्हणून आज लिहितो.

पंचवीस-तीन अशी आघाडी, मग ती सगळी घालवली, मग शेवटच्या मिनिटांत परत मिळवली. नानाजींनी एका सामन्यात चार वेळा पक्ष बदलला. आता उपान्त्यपूर्व फेरी, रविवार ७ ऑक्टोबर, दक्षिण आफ्रिकेशी. हरला तो घरी. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला.

फिजीचा दहा नंबरचा खेळाडू जायबंदी झाला आहे. सगळे लाथेचे डाव त्याच्या पायावर होते.

आज दुपारी तिघं बसलो आणि फिजीनं कसं खेळावं हे मी मांडलं. दक्षिण आफ्रिकेची माणसं वजनदार आणि उंच. त्यांच्यासमोर आपल्या अर्ध्यात चेंडू हातात घेऊन पळणं म्हणजे मूर्खपणा. चेंडू लांब मारावा, मैदानाबाहेर घालवावा, खेळ थांबवावा, दम घ्यावा, फळी बांधावी. पुस्तकात याला कारणं दिली आहेत. मी पान काढून वाचून दाखवलं.

भीमसिंग म्हणाला, "थांबू नये भाऊ. थांबले का मेले."

"कशावरून?"

"गाठ जमिनीले टेकली का आठ माणसं लागतात. चालती असली का दोघं नेतात. आफ्रिकावाले मोठे. खेळ थांबला का थे सारे येऊन उभे राह्यतात. आपल्या पोट्ट्यांनी गाठ टेकूच नाही द्यायची."

मी म्हणालो, हा चेंडू आहे, एकशे सत्तर किलोची गाठ नाही.

"रेटणारा माणूसच हाय न."

नानाजी म्हणाले, "मले दोघांचंबी पटते." त्यांचं काय, त्यांना एसटीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांनी माणसं चढवायची सवय.

उठताना भीमसिंगनं राखीचं विचारलं. मी म्हणालो, अरे आधी हे तर ठरू दे.

१ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर डोक्यात तेच. आठ वर्षं नियम वाचले मी आणि गाठीचा दाखला देतो हा. नानाजी चहाच्या टपरीवर सांगत फिरतात की भीमसिंगनं उकंडाला गप्प केलं. मी गप्प झालो नव्हतो. पान शोधत होतो.

३ ऑक्टोबर, बुधवार

भारनियमनाचं नवीन वेळापत्रक लागलं. आपल्या भागात संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधी तासभर वीज जाणार आणि सामना संपल्यावर येणार. कोणी मुद्दाम बसून आखलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

माझ्या दुकानात बॅटरी आहे, टीव्ही चालेल. पण केबलवाल्याचं चित्र आमच्या गल्लीत येतं ते रस्त्यावरच्या खांबावरच्या बूस्टरमधून, आणि तो बूस्टर लाइनवर चालतो. बूस्टर बंद, चित्र बंद. केबलवाल्याला भेटलो. म्हणे, "उकंडाभाऊ, तीन माणसांच्या खेळासाठी मी काय जनरेटर लावू?" मी म्हणालो, परवानगी दे, बॅटरी मी लावतो. ट्रकच्या दोन बॅटऱ्या लागतील, वर एक इन्व्हर्टर. मी हिशेब करून दाखवला, किती अँपिअर, किती तास. त्यानं हिशेब बघितलाच नाही, हो म्हणाला. लोकांना काम नीट केलेलं बघायचंच नसतं.

घरी आलो तर विजयमाला म्हणाली, "राखीचं काय ठरवलं? भीमसिंगभाऊ रविवारी जाऊन राह्यले म्हणतात."

रविवारी? मला दसऱ्याच्या आधी एवढंच सांगितलं होतं. मी म्हणालो, मॅच झाल्यावर त्याच्याशी बोलेन.

"रविवारीच तं मॅच हाय."

मला वायरिंगचा आराखडा काढायचा होता. म्हणालो, मध्ये बोलू नको.

४ ऑक्टोबर, गुरुवार

दोन्ही बॅटऱ्या समोरच्या गॅरेजवाल्याकडे मिळतील. बूस्टरच्या खांबाखाली टपरी आहे, तिथं ठेवता येतील. वायर बत्तीस फूट.

संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर पाटीभर सीताफळं होती, चांगली डोळे उघडलेली. कोणी आणली विचारलं. विजयमाला काही सांगायला लागली, पण तेवढ्यात केबलवाला दारात आला, परवानगी दिली पण तारेला धक्का लागला तर जबाबदारी माझी, वगैरे. तो जाईपर्यंत मी वैतागलो होतो. मग सीताफळाचं राहून गेलं. दोन खाल्ली. गोड होती.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते मला लिहायची इच्छा नाही. पण न लिहिलं तर वही खोटी ठरेल.

दुकानासमोर चहाची टपरी, तिच्या बाजूला गॅरेज. दुपारी पाच-सहा जण होते. नानाजींनीच विषय काढला, "चला, आज निकाल लावा, फिजीनं काय करावं." मी रजिस्टर घेऊन बाहेर आलो. दक्षिण आफ्रिकेच्या पहिल्या आठांची सरासरी वजनं लिहिली होती, फिजीची लिहिली होती, फरक काढला होता. वाचलं. लोक ऐकत होते. मला वाटतं पटतही होतं.

भीमसिंग गॅरेजपाशी गेला. तिथं जळक्या ऑइलचा भरलेला ड्रम उभा होता. त्यानं ड्रमच्या वरच्या कडेला दोन्ही हात लावले, ओढला, ड्रम खालच्या काठावर तिरपा झाला, आणि मग हा बाबा एका हातानं तो फिरवत फिरवत टपरीपर्यंत घेऊन आला. बोलतही होता, "पाहा, असा. याले दम नाही द्यायचा." आणून टेकवला. मग मला म्हणाला, "भाऊ, आता हालवा."

मी नाही म्हणायला हवं होतं. सत्तेचाळीस वर्षं वय, आयुष्यभर बारीक कामं केली. पण सगळे बघत होते. मी रजिस्टर नानाजींकडे दिलं आणि ड्रमला खांदा लावला. हलला नाही. परत लावला. चप्पल निसटली. कोणीतरी मागून म्हणालं, "पान नंबर किती, उकंडाभाऊ?" आणि सगळे हसले.

भीमसिंग हसला नाही. तो म्हणाला, "पुस्तकानं गाठ नाही हालत भाऊ," पण हळू म्हणाला, आणि माझी चप्पल उचलून माझ्या पायापाशी ठेवली. तो हसला असता तर बरं झालं असतं.

मी दुकानात आलो. तो मागं आला. दारात उभा राहून म्हणाला, "भाऊ, राग नका धरू. राखीच्या मायनं सांगतलं..."

मी म्हणालो, "आता मला काम आहे."

तिनं काय सांगितलं ते मी ऐकायला हवं होतं का? हवं होतं. पण त्या क्षणी नाही. माणसाला क्षण असतो.

६ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी साडेसातला भीमसिंग गॅरेजवर हजर. मी बोलावलं नव्हतं, नानाजींनी सांगितलं असेल. दोन्ही बॅटऱ्या एकेक करून खांद्यावर घेऊन खांबापर्यंत आणल्या, टपरीत विटांवर ठेवल्या, वर ताडपत्री टाकली. मी जोडणी केली. साडेबाराला लाइन बंद करून चाचणी घेतली. बूस्टर चालला, दुकानात चित्र आलं, अगदी स्वच्छ. दोघंही बघत राहिलो. त्या वेळी एक स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता. ढोकळा.

भीमसिंग म्हणाला, "उद्या रातीले टेम्पो येते. सारे सामान बांधून झालं. भाऊ, राखीचं एक सांगा. हो तं हो, नाही तं नाही. तिची पुस्तकं आमी अजून बांधली नाही."

मला वाटलं आत्ताच सांगावं. तोंडात आलं होतं. पण कालचा ड्रम आठवला, लोक हसले ते आठवलं, आणि जमनी काही आली नव्हती. मी म्हणालो, "उद्या ये सामन्याला. सामना झाला की सांगतो. तसाही टेम्पो रात्रीचा आहे."

त्यानं ताडपत्री सारखी केली. "बरं," म्हणाला. मग म्हणाला, "पाह्यजा, थांबले नाही तं फिजीवाले जितते."

मी म्हणालो, थांबले तर जिंकतील.

सगळं मनात ठरवून ठेवलं आहे. सामना संपेल, फिजी माझ्या म्हणण्याप्रमाणे खेळून जिंकलं किंवा त्याच्या म्हणण्याप्रमाणे खेळून हरलं असेल, मग मी मोठ्या मनानं म्हणेन, जा, राखीची पुस्तकं घेऊन ये. जमनीलाही बोलाव.

७ ऑक्टोबर, रविवार

सहा वाजता दुकान उघडलं. वीज गेलेली, चित्र चालू. गल्लीत दुसरा एकही टीव्ही चालू नाही. तीन स्टुलं मांडली. नानाजी आले. भीमसिंग नाही.

साडेसहाला सामना सुरू झाला. मध्यांतरापर्यंत आफ्रिका १३, फिजी ३. मी नानाजींना म्हणालो, बघा, पळायला गेले. नानाजी म्हणाले, "उकंडाभाऊ, मले सांगायचं का नाही समजत नाही. भीमसिंगचा टेम्पो चार वाजताच गेला. डायवरले अमरावतीवरून दुसरं भाडं होतं, तो थांबायले तयार नव्हता. मी बसस्टँडवर होतो, तिथून गेला. तिघंबी मांगं बसून होते. भीमसिंगनं हात दाखवला."

मी विचारलं, तिघं?

"तिघं. पोट्टी गठुड्यावर बसली होती."

मी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसरा डाव सुरू झाला होता. आफ्रिका वीस, फिजी सहा. मग आफ्रिकेचा एक माणूस शिक्षा म्हणून दहा मिनिटांसाठी बाहेर गेला आणि फिजीनं जे केलं ते मी शब्दांत लिहू शकत नाही. चेंडू थांबलाच नाही. एकाकडून दुसऱ्याकडे, पायावरून हातात, परत दुसऱ्याकडे, अंगावर माणूस पडला असतानाही हात बाहेर काढून पुढच्याला. काही मिनिटांत वीस-वीस. नानाजी स्टुलावरून उठून उभे राहिले. तिसरं स्टूल रिकामं होतं आणि मी त्या स्टुलाकडे बघून म्हणालो, "थांबले नाहीत."

मग आफ्रिकेनं सामना थांबवायला सुरुवात केली. चेंडू बाहेर, रांग लावा, परत बाहेर, स्क्रम बांधा. प्रत्येक वेळी खेळ जमिनीला टेकला आणि प्रत्येक वेळी ती मोठी माणसं येऊन उभी राहिली. मी जे फिजीला करायला सांगत होतो ते आफ्रिकेनं केलं, आणि ते त्यांच्याच कामाचं होतं. एकदा फिजीचा माणूस कोपऱ्यात गुणाच्या रेषेपाशी पोचला होता, हातभर राहिला. शेवटी ३७-२०.

वीज आली तेव्हा सव्वाआठ झाले होते. पंधरा मिनिटं लवकर. नानाजी कोणाच्याच बाजूनं काही बोलले नाहीत.

८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी विजयमालाला म्हणालो, त्यानं थांबायला पाहिजे होतं. चार तासांचा प्रश्न होता. टेम्पो काय दुसरा मिळाला नसता?

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "तुमाले किती डाव विचारलं त्यायनं?"

मी मोजलं. सव्वीस तारखेला, तीस तारखेला, पाच तारखेला दारात, सहा तारखेला. चार.

"पाच," ती म्हणाली. "गुरुवारी जमनी आलती. सीताफळं घेऊन. इथं चुलीपाशी बसली, मी च्या ठेवला, प्यायली. दीड तास बसली तुमची वाट पाहत. म्हणे भाऊले मीच सांगतो, बाईच्या तोंडून ऐकलं का बरं वाटते. तुमी आले नाही, मंग तांड्यावर जायले उशीर होते म्हणून गेली."

मी म्हणालो, मला सांगितलं का नाही?

"सांगत होती. आदल्याच दिवशी तुमी म्हटलं होतं मध्ये बोलू नको. मंग केबलवाला आला. मंग तुमी सीताफळं खाल्ली."

मी म्हणालो, तू हो का म्हणून टाकलं नाही? घर तुझंही आहे.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "म्हटलं मी. ती म्हणे, भाऊच्या तोंडून येऊ द्या, नाही तं पोट्टी परक्यासारखी राहीन."

पोळी करपली. ती तिनं मला वाढली नाही, स्वतःच्या ताटात घेतली. मी ती काढून माझ्या ताटात घेतली.

जमनी रीतीनं आली होती. माझ्यापेक्षा जास्त रीतीनं.

९ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेत गेलो. राखीच्या वर्गशिक्षिका ममताबाई म्हणाल्या, बोर्डाचा फॉर्म भरायची शाळेतली शेवटची तारीख वीस. पोरीची सही आणि फोटो लागेल. त्या म्हणाल्या, "दरवर्षी दिवाळीच्या आधी माझ्या वर्गातले आठ-दहा जातात. परत येतो म्हणून जातात. तुम्ही कोण तिचे?"

मी म्हणालो, ओळखीचा.

दुकान दिवसभर उघडं ठेवलं आणि एकही संच उघडला नाही.

१० ऑक्टोबर, बुधवार

तांड्यावर गेलो. पहिल्यांदाच. आठ वर्षं तो माझ्याकडे येत होता, मी एकदाही गेलो नव्हतो. आंधळ्या आजीपाशी गुजरातच्या जिनाचा फोन नंबर कागदावर होता, राखीच्या अक्षरात. अक्षर चांगलं आहे. आजीनं विचारलं, कोण? नाव सांगितलं. "टीव्हीवाला?" म्हणाली, आणि बाज झटकून बसायला दिली.

तीन वाजता एसटीडीवरून फोन लावला. कोणीतरी गुजरातीत बोललं, मग बराच वेळ मशीनचा आवाज, मग भीमसिंग.

"भाऊ. काय झालं मॅचचं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वीस-वीस कसं झालं ते, आणि मग कसं थांबवलं ते. तो मध्येच हूं म्हणत होता. कोपऱ्यातलं सांगितल्यावर म्हणाला, "हातभर?"

"हातभर."

"मंग चांगले खेळले."

मी म्हणालो, तू म्हणत होतास ते बरोबर होतं. हे वाक्य मी आयुष्यात फारसं वापरलेलं नाही, त्यामुळे नीट निघालं नाही, दोनदा म्हणावं लागलं. त्यानं त्याचा गाजावाजा केला नाही. म्हणाला, "इथं मशीन लय मोठी हाय भाऊ. गाठ हातानं हालवाच लागत नाही."

मी म्हणालो, जमनीबाईला फोन दे.

ती आली. मी तिच्याशी आजवर चार वाक्यं बोललो असेन. मी म्हणालो, "बाई, राखीला माझ्या घरी पाठवा. दहावी होईपर्यंत. माझं चुकलं, मी तुमची वाट बघत बसलो आणि तुम्ही येऊन गेल्या."

मागं मशीन चालू होती. ती म्हणाली, "भाऊ, तिले कापसातली खराब कवडी वेचायले लावलं इथं. कामावर नाव लागलं. आता एवढ्या लांबून कोण आणून देईन?"

"मी येतो."

"तुमी कायले येता?"

"येतो म्हटलं न," मी म्हणालो. मग मला वाटलं हे परत हुकमासारखं झालं, म्हणून म्हणालो, "येऊ का?"

तिनं त्यांच्या गोरबोलीत मागं कोणाला तरी काही विचारलं. एक बारीक आवाज आला, लगेच, पुरं विचारून व्हायच्या आत. जमनी म्हणाली, "या."

११ ऑक्टोबर, गुरुवार

परत शाळेत गेलो. फॉर्म इथूनच भरून न्यावा, म्हणजे तिकडे पोरीची सही तेवढी घ्यायची, असं ठरवलं. ऑफिसातल्या बाबूनं कोरा फॉर्म दिला. मी काळ्या शाईनं, मोठ्या अक्षरात भरला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय. आईवडील परगावी असल्यामुळे इथं जबाबदार कोण, त्याचं नाव आणि पत्ता हवा होता. उकंडा झिंगुजी नगराळे, टीव्ही-रेडिओ दुरुस्ती, बसस्टँडमागे, घाटंजी.

पुढच्या रकान्यात विद्यार्थिनीशी नातं.

बाबूनं वाकून पाहिलं. "राठोड आन् नगराळे," तो म्हणाला. मग म्हणाला, "मामा टाकून द्या. सारे तेच टाकतात. कोणी पाहत नाही."

मी आजवर कोणत्याही कागदावर जे नाही ते लिहिलेलं नाही. टीव्हीच्या पावतीवरसुद्धा नाही. पेन टेकवलं. गिऱ्हाईक लिहिता येत नव्हतं. प्रेक्षक तर नाहीच. मग लिहिलं, वडिलांचा मित्र.

बाबू म्हणाला, "असं नातं नसते फॉर्ममध्ये."

"असते," मी म्हणालो. "मी ते उशिरा भरलं एवढंच."

त्यानं खांदे उडवले आणि शिक्का मारला. यवतमाळची गाडी पावणेचारला आहे. विजयमाला पायलची खोली झाडते आहे, मला जेवायला ये म्हणून हाका मारते आहे. जातो.